ग्रॅफाइट नेकच्या बेस गिटारची देखभाल आणि फेरबदल : नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

ग्रॅफाइट नेकची बेस गिटार घेणाऱ्याला ‘हिला काही करावेच लागत नाही’ असे हमखास सांगितले जाते, आणि ते अर्धेच खरे असते. लाकडी नेक दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते आणि हवामान पालटले की ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या, तिचा बाक बदलणाऱ्या धातूच्या सळईला, पाना लावावा लागतो. ग्रॅफाइट नेकवर, म्हणजे इपॉक्सी राळेत बसवलेल्या कार्बन तंतूंच्या नेकवर, हवेतल्या दमटपणाचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. मात्र जी नेक हवामानाने हलत नाही, ती आपल्या मर्जीनेही हलत नाही. लाकडी नेकमधला जो दोष पाना थोडा फिरवून झाकता येतो, तो येथे तारा, सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू), पाचर (नेकखाली घालायचा पातळ तुकडा) किंवा फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) यांपैकी कुठेतरी सोडवावा लागतो. आणि कार्बनचा जो भाग एकदा कापला किंवा घासला, तो परत आणता येत नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत मोजमाप आधी आहे आणि हत्यार नंतर.

१. हातात नेमके काय आहे ते ओळखा

‘ग्रॅफाइट नेक’ या नावाखाली तीन वेगवेगळे प्रकार विकले जातात आणि तिन्हींची देखभाल वेगळी असते.

पहिला प्रकार म्हणजे आतून कार्बनच्या पट्ट्या घालून मजबूत केलेली लाकडी नेक. फेंडरच्या काही वाद्यांतल्या ‘पॉझिफ्लेक्स’ पट्ट्या याच जातीच्या आहेत. अशा नेकला लाकडी नेकचेच नियम लागू होतात आणि हा लेख तिच्यासाठी नाही. फ्रान्सच्या व्हिजिए कंपनीची ‘१०/९०’ पद्धत, म्हणजे नव्वद टक्के लाकूड आणि दहा टक्के कार्बन, ही याच्या जवळची.

दुसरा प्रकार म्हणजे पूर्ण कार्बनची नेक आणि लाकडी बॉडी. मॉड्युलस, झॉन, स्टेटस आणि मोझेस ही या प्रकारातली ठळक नावे. अवकाश उद्योगात काम करणाऱ्या जेफ गूल्ड यांनी ही कल्पना अलेम्बिक कंपनीकडे नेली, १९७७ साली अलेम्बिकने ग्रॅफाइट नेकची बेस लोकांसमोर आणली आणि पुढे गूल्ड यांनी मॉड्युलस ग्रॅफाइट ही कंपनी काढली. म्युझिक मॅनच्या कटलस बेसलाही मॉड्युलसचीच नेक होती.

तिसरा प्रकार म्हणजे नेक आणि बॉडी दोन्ही कार्बनमिश्रित असलेले वाद्य. नेड स्टाइनबर्गर यांची एल-टू ही हेडलेस, म्हणजे टोकाला खुंट्यांचे डोके (हेडस्टॉक) नसलेली, बेस त्याचा नमुना. येथे एक सापळा आहे. स्टाइनबर्गर नावानेच विकली जाणारी ‘स्पिरिट’ मालिका आणि तिच्यासारखी दिसणारी परवानाधारक वाद्ये लाकडी नेकची असतात. आकार तोच, रंग काळा, म्हणून नेक ग्रॅफाइटची असेलच असे नाही.

वाद्य नेमके कोणते हे कळले की ट्रस रॉड आहे का ते पाहा. मॉड्युलसच्या सुरुवातीच्या नेकमध्ये तो नव्हता, नंतरच्या नेकमध्ये आला. त्यामुळे केवळ कंपनीच्या नावावरून निष्कर्ष काढू नये. हेडस्टॉकवरचे झाकण काढून आणि नेकच्या टाचेकडची, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाकडची, बाजू विजेरीने पाहून खात्री करावी.

२. साधने आणि कागदपत्रे

नेहमीच्या कामासाठी पुढील वस्तू पुरतात :

– अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी आणि किमान ४५ सेंटिमीटर लांबीची खात्रीची सरळ पट्टी
– ०.०५ ते १ मिलिमीटरपर्यंतचा फिलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पात्यांचा संच)
– कॅपो, ट्यूनर आणि व्हर्निअर कॅलिपर
– इंची आणि मिलिमीटर अशा दोन्ही मापांच्या ॲलन की. अमेरिकी वाद्यांना बहुधा इंची लागतात आणि ‘जवळपास बसणारी’ मिलिमीटरची की खाच गोल करून टाकते
– मल्टिमीटर आणि मास्किंग टेप

कार्बनला भोक पाडायचे किंवा तो घासायचा असेल तर कार्बाइडचे ड्रिल बिट, सावकाश घट्ट होणारी इपॉक्सी, एन ९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क, चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे यांची भर घालावी.

कागदपत्रांत वाद्याचा अनुक्रमांक, कारखान्याचे सेटअपचे पत्रक मिळत असल्यास ते आणि मूळ तारांची जाडी एवढे जवळ असावे. या तिन्हींत तारांची जाडी सर्वांत उपयोगी. का ते पुढच्या पायरीत कळेल. काम सुरू करण्यापूर्वी सर्व मापे एका कागदावर लिहून, वाद्याच्या पेटीतच ठेवावीत.

३. नेकचा बाक मोजा

वाद्य नेहमीच्या सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, शेवटच्या फ्रेटवर सर्वांत जाड तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेची खालची कड आणि फ्रेटचा माथा यांच्यामधले अंतर फिलर गेजने मोजा. गेजचे पाते तारेला वर न उचलता केवळ स्पर्श करत सरकले पाहिजे. ग्रॅफाइट नेकवर हे अंतर ०.१० ते ०.३० मिलिमीटर असेल तर बहुतेक वादकांचे काम भागते. फिलर गेज नसेल तर झेरॉक्सच्या साध्या कागदाची पट्टी चालते, कारण तिची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. एक, दोन आणि तीन पट्ट्या एकावर एक धरून अंदाज घेता येतो.

आता तारा सैल करून सरळ पट्टी फ्रेटवर ठेवा आणि तेच अंतर पुन्हा पाहा. तारा सैल असतानाही थोडा बाक दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही. ट्रस रॉड नसलेल्या नेकमध्ये कारागीर हा बाक बनवतानाच ठेवतो. नेकमध्ये किंवा फिंगरबोर्डमध्ये तो मुद्दाम राखलेला असतो आणि विशिष्ट जाडीच्या तारांचा ताण गृहीत धरलेला असतो. याच कारणाने एक मोठी चूक वारंवार घडते : ग्रॅफाइट नेक पूर्वी न हाताळलेला दुरुस्तीकार फिंगरबोर्ड किंवा फ्रेट ‘सपाट’ करून देतो आणि जाणीवपूर्वक दिलेला बाक कानशीने निघून जातो. दुरुस्तीला देताना ही गोष्ट तोंडी न सांगता लिहून द्यावी.

मोजताना नेकला पीळ पडला आहे का तेही पाहावे. ब्रिजच्या बाजूने एका डोळ्याने नेककडे पाहिल्यास पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटच्या रेषा समांतर दिसायला हव्यात. लाकडी नेकचा पीळ उष्णता आणि शिकंजा वापरून थोडाफार काढता येतो, ग्रॅफाइटचा काढता येत नाही. जुने वाद्य विकत घेताना पीळ दिसला तर व्यवहार तेथेच थांबवावा, मग वाद्य कितीही दुर्मीळ असो.

४. बाक बदलायचा असेल तर

ट्रस रॉड असेल तर काम सोपे आहे, पण हात हलका हवा. तार थोडी सैल करा, पाना एका वेळी एक अष्टमांश फेरीच फिरवा, पुन्हा सूर लावा आणि मोजा. नेक ताठ असल्यामुळे रॉडचा परिणाम लाकडापेक्षा कमी दिसतो, आणि ‘काहीच होत नाही’ म्हणून जोर लावण्याचा मोह होतो. पाना जड लागू लागला की थांबावे. रॉड तुटला तर तो बदलणे हे नेक उघडण्याइतके मोठे काम आहे.

ट्रस रॉड नसेल तर तारांचा ताण हेच एकमेव नियंत्रण उरते. चार तारांच्या ४५ ते १०५ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) संचाचा, ३४ इंची म्हणजे ८६४ मिलिमीटरच्या स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर), एकूण ताण साधारण पाऊणशे किलोच्या आसपास असतो. बाक जास्त वाटत असेल तर ४० ते ९५ किंवा ४० ते १०० असा हलका संच लावून पाहावा. बाक अगदीच नसेल आणि मधल्या फ्रेटवर तार खरखरत असेल तर जाड संच किंवा अधिक ताणाच्या फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा लावाव्यात. फरक लहान असतो, काही शतांश मिलिमीटरचा, पण कानाला तो कळतो. संच बदलल्यावर त्याच दिवशी निर्णय न घेता, तारा ताणून स्थिरावल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे.

सूर खाली उतरवून वाजवणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. तारा तशाच ठेवून सूर दोन पट्ट्या खाली नेला की ताण घटतो, नेक सरळ होते आणि खरखर सुरू होते. दोष नेकचा नसून ताणाचा असतो. तेवढ्या सुरासाठी जाड तारा लावणे हाच उपाय.

५. तारांची उंची, पाचर आणि स्वरशुद्धी

बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची साधारण २.५ मिलिमीटर आणि बारीक तारेची २ मिलिमीटर ही चांगली सुरुवात आहे. उंची सॅडलच्या स्क्रूंनी बदलावी. नटच्या, म्हणजे ब्रिजच्या विरुद्ध टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, खाचा खोल करण्याची घाई करू नये, कारण तारांची उंची जास्त वाटण्याचे खरे कारण अनेकदा ब्रिजच्या बाजूला असते. पुष्कळ हेडलेस वाद्यांत नटच्या जागी शून्य-फ्रेट असतो. तेथे उंची त्या फ्रेटनेच ठरते आणि त्याला हात लावायचा नसतो.

सॅडल पूर्ण खाली टेकले आणि तरीही तारा उंच राहिल्या, तर बोल्टने जोडलेल्या नेकखाली पाचर घालावी. पाचर बॉडीतल्या नेकच्या खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला घातली की नेक मागे झुकते. तिचा परिणाम नवख्याला वाटतो त्याहून बराच मोठा असतो. खाच सुमारे ९० मिलिमीटर लांब असताना अर्ध्या मिलिमीटरची पाचर घातली, तर तारांची पूर्वीचीच उंची राखण्यासाठी सॅडल जवळपास दोन मिलिमीटर वर घ्यावे लागतात. म्हणून पाव मिलिमीटरपासून सुरुवात करावी. व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा तात्पुरता ठीक आहे, परंतु कायमची पाचर संपूर्ण खाचेइतकी लांब, निमुळती आणि कठीण लाकडाची असावी, कारण मधे पोकळी ठेवून बोल्ट आवळल्यास टाचेवर नको तेथे दाब येतो.

स्वरशुद्धी नेहमीच्या पद्धतीनेच तपासावी : बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तेथेच दाबून वाजवलेला स्वर जुळला पाहिजे. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे.

‘ग्रॅफाइट नेकचा सूर कधीच उतरत नाही’ या समजाबद्दलही बोलले पाहिजे. कार्बन तंतू लांबीच्या दिशेने तापमानाने जवळजवळ प्रसरण पावत नाहीत. पोलादी तारा मात्र पावतात. रंगमंचावरच्या प्रखर दिव्यांखाली तारा तापल्या की सूर थोडा उतरणारच. तो परत लावावा आणि नेकवर शंका घेऊ नये.

६. फिंगरबोर्ड आणि फ्रेट

फिंगरबोर्ड फेनॉलिकचा (कडक कृत्रिम राळेच्या फलकाचा) आहे की लाकडाचा, यावर सर्व अवलंबून आहे. फेनॉलिकला रेषा नसतात, तो एकसारखा काळा आणि गुळगुळीत असतो आणि त्याला तेल लागत नाही. ओलसर फडक्याने पुसून कोरडा केला की काम झाले. शिसवी किंवा आबनूस असेल तर अधूनमधून फिंगरबोर्डचे तेल लावावे. नेक कार्बनची असली तरी वरचे लाकूड आकसतेच, आणि कोरड्या दिवसांत फ्रेटची टोके कडेला बोचू लागतात. अशा वेळी टोके बारीक कानशीने काढावीत, पण नेकची कड टेपने झाकूनच.

फ्रेट बदलणे मात्र पहिल्यांदा करणाऱ्याने हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फेनॉलिक ठिसूळ असतो आणि फ्रेट उपटताना खाचेच्या कडेचे टवके उडतात. लाकडी नेकवर तापता सोल्डरिंग आयर्न टेकवून फ्रेट सैल करतात. येथे ती उष्णता फिंगरबोर्ड आणि नेक यांच्यामधली राळ कमजोर करू शकते. नवा फ्रेट जोराने ठोकून बसवायचा नसतो, कारण फेनॉलिक लाकडासारखा दबत नाही. खाचेच्या रुंदीला जुळणारा फ्रेट निवडून तो चिकटवावा लागतो. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट बसवून घेतले तर हा खर्च लवकर पुन्हा येत नाही.

७. लाकडी बॉडीला ग्रॅफाइट नेक बसवणे

सर्वाधिक लोकांना करायचा असतो तो हा फेरबदल आणि सर्वाधिक नुकसानही येथेच होते. अपेक्षा आधी नीट ठरवावी. ताठ नेकमुळे स्वर फिंगरबोर्डभर अधिक सारखे वाटतात आणि एखाद्या जागी स्वर लवकर विरण्याचा त्रास कमी होतो. पिकअप निस्तेज असेल तर तो नेक बदलून सुधारणार नाही.

विकत घेण्यापूर्वी ही मापे जुळवावीत : टाचेची रुंदी (फेंडर पद्धतीच्या बेसवर ती ६३.५ मिलिमीटर असते), टाचेची जाडी, टाचेचे टोक गोल आहे की सरळ, नटची रुंदी आणि स्केलची लांबी. बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतचे अंतर ३४ इंची नेकसाठी ४३२ मिलिमीटर असले पाहिजे. मॉड्युलसची ३५ इंची नेक ३४ इंची बॉडीवर ब्रिज न हलवता चालणार नाही. फ्रेट जास्त असलेली नेक पिकगार्डवर किंवा पिकअपवर येते का, हेही पाहावे.

नेक खाचेत घट्ट जात असेल तर लाकूड घासावे, नेक कधीही घासू नये. कड घासली की बाहेरचे तंतू कापले जातात आणि ताठपणा त्या तंतूंमध्येच असतो.

त्यानंतर स्क्रू न लावता नेक बसवावी, दोन बाहेरच्या तारांच्या जागी दोरे ताणावेत आणि दोन्ही कडांपासून दोरे सारख्या अंतरावर येईपर्यंत नेक हलवावी. जागा पक्की झाली की बॉडीच्या भोकांतून टोकदार सळईने टाचेवर खुणा कराव्यात. टाचेत पितळी किंवा पोलादी आट्यांच्या नळ्या आधीच बसवलेल्या असतील तर भोके पाडायची गरज नाही. त्यांच्या आट्यांना जुळणारा स्क्रूच वापरावा आणि तो हाताने तीन-चार फेरे सहज फिरला पाहिजे. नसेल फिरत तर आटे वेगळे आहेत. पाना लावून जबरदस्ती केल्यास नळी चिकटवलेल्या जागेतून सुटते.

नळ्या स्वतः बसवायच्या असतील तर ड्रिल उभ्या स्टँडवरच लावावे, बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करावी आणि टाचेच्या जाडीत किमान ३ मिलिमीटर शिल्लक ठेवावेत. बसवताना नळीच्या आतल्या आट्यांत ग्रीस भरून ठेवावे, म्हणजे इपॉक्सी आत शिरत नाही. चोवीस तास हात लावू नये.

स्क्रूची लांबी प्लेट, बॉडी आणि नळीची खोली यांची बेरीज करून ठरवावी. एक-दोन मिलिमीटर जास्त झालेला स्क्रू तळाला टेकतो. बाहेरून आवळल्यासारखा वाटतो, पण नेक सैलच राहते. बॉडीतली भोके स्क्रूपेक्षा किंचित मोठी असावीत, नाहीतर स्क्रू लाकडालाच धरतो आणि नेक ओढली जात नाही. धातू निवडताना साधे ॲल्युमिनियम टाळावे. कार्बनच्या सान्निध्यात घामाचा ओलावा मिळाला की ॲल्युमिनियम गंजते. स्टेनलेस स्टील किंवा पितळ बरे.

ट्यूनरचे छोटे लाकडी स्क्रू कार्बनमध्ये लावताना आधीचे भोक लाकडापेक्षा मोठे, जवळजवळ स्क्रूच्या बाहेरच्या व्यासाएवढे ठेवावे. कार्बन दबून जागा देत नाही. भोक लहान राहिले तर एक तर स्क्रूचे डोके तुटते, नाही तर थर फाटतात.

८. भुकटी आणि वीज

कार्बनची भुकटी त्वचेला खाजवते, श्वासातून आत जाऊ नये अशी असते आणि वीजवाहक असते. शक्य तेथे पाणी लावून घासावे, कोरड्या ड्रिलिंगच्या वेळी मास्क घालावा, फुंकर किंवा हवेचा झोत वापरू नये आणि भुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. पिकअप आणि प्रीअँप बॉडीत असताना ड्रिलिंग करू नये. निदान त्यांची पोकळी टेपने पूर्ण बंद करावी. सर्किटवर बसलेली भुकटी कधी आवाज खाते, कधी खरखर देते आणि दोष शोधताना कोणाला सुचत नाही.

बॉडीही कार्बनची असेल तर पोकळीच्या उघड्या भिंतीला सिग्नलची तार टेकली की आवाज बंद होऊ शकतो. प्रत्येक जोडावर हीट-श्रिंक नळी चढवावी. मल्टिमीटरने पाहिल्यास राळेने झाकलेला पृष्ठभाग वीज वाहत नाही असे दिसते, पण कापलेली कड वाहते. विश्वास कडेवर ठेवावा. ॲक्टिव्ह पिकअपच्या वाद्यांत जॅकमध्ये केबल असेपर्यंत नऊ व्होल्टची बॅटरी खर्ची पडते, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवावी.

९. हेडलेस वाद्यांची वेगळी निगा

स्टाइनबर्गर पद्धतीच्या बेसला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या, योग्य लांबीच्या तारा लागतात. लांबी चुकली तर ट्यूनरचा जबडा, म्हणजे तारेची गोळी धरून सरकणारा भाग, प्रवास संपवतो आणि सूर पुरता चढत नाही. तार टाकण्यापूर्वी जबडा पूर्ण पुढे आणून ठेवावा. ट्यूनरचे आटे जड झाले तर ते जुने ग्रीस पुसून, थोडे नवे लावून मोकळे करावेत. पक्कड लावू नये. तारा सगळ्या एकदम काढल्या तरी ग्रॅफाइट नेकचे काही बिघडत नाही, त्यामुळे सफाई त्याच वेळी उरकावी.

१०. सफाई, उष्णता आणि भेगा

नेकच्या मागची बाजू ओलसर मऊ फडक्याने पुसावी. ॲसिटोन आणि थिनर टाळावेत. उन्हातल्या बंद गाडीत वाद्य ठेवू नये. दमट हवेला न जुमानणारी राळ अति उष्णतेत मात्र नरम पडू शकते, आणि पूर्ण ताणाच्या तारा लावलेल्या असताना आलेला बाक परत जात नाही.

वाद्य आपटले असेल तर बाहेरून भेग दिसत नसली तरी नेकवर नाण्याची कड हलके टिचकावत जावे. सगळीकडे टणक आवाज येत असताना एका जागी तो बोदा झाला, तर तेथे थर सुटले असण्याची शक्यता असते. त्या जागेभोवती टेपने चौकट करावी, तारा सैल कराव्यात आणि वाद्य कार्बनची दुरुस्ती केलेल्या कारागिराकडे न्यावे. लाकडाचा पांढरा डिंक किंवा झटपट चिकटणारा गोंद भेगेत ओतू नये. तो आत गेला की नंतर योग्य इपॉक्सी धरत नाही.